मालकाची खुर्ची

खणाची मूठ हाताला ओळखीची लागली. चष्मा काढायला त्याने खण ओढला, तर आत काहीच नव्हतं... मग कळलं, ही आपली केबिन नव्हेच. आपण पैलवानाकडे, त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूमच्या मालकाकडे आलो आहोत, आणि पाहुण्याच्या खुर्चीत बसायचं सोडून, टेबलाला वळसा घालून सरळ मालकाच्या खुर्चीत बसलो आहोत.

चूक तरी कशी म्हणायची? काच तीच, राखाडी भिंत तीच, कुंडीतलं प्लास्टिकचं झाड तेच. कंपनीचा हुकूमच तसा — आमच्या गाड्या विकायच्या तर शोरूम आमच्या नकाशाबरहुकूम. त्यापायी त्याने वडिलांचं शोरूम पाडलं होतं, रस्त्याकडची खिडकी बुजवताना वडील गवंड्याजवळ उभे राहून म्हणाले होते, "गिऱ्हाईक येताना आता दिसायचं कसं रे?"... आणि आता पुन्हा नवा नकाशा. पाडा, नाहीतर एजन्सी सोडा. आगीतून फुफाट्यात! मला ही एजन्सी हवी आहे, वडिलांनी उभी केली म्हणून हवी आहे, एवढं साधं आहे हे.

वकील मावसबहीण म्हणाली होती, "दादा, विनाकारण पाडायला लावता येत नाही त्यांना, कारणाशिवाय काढताही येत नाही. कायदाच आहे तसा. पण तो काढलेल्याला वाचवतो, स्वखुशीने सोडणाऱ्याला नाही. पैलवानांना बरोबर घे, दोघं मिळून तक्रार करा." पैलवान नुसता नावाचा, अंगाने हाडांचा सापळा, पण कंपनीच्या माणसांपुढे छाती काढून बोलणारा तो एकटाच.

दार उघडून काउंटरवरची मुलगी आत आली. त्याला त्या खुर्चीत पाहून ती जराही दचकली नाही.

"तुमचे साहेब कुठे आहेत?"

"त्यांनी सोडलं ना! स्वखुशीने, असं कंपनीने कळवलंय." ती हसली. "नवे साहेब आज येणार म्हणाले होते. तुम्हीच ना?"

स्वखुशीने? पैलवान?... उठायला हवं, सांगायला हवं — मी तो नव्हे, माझं शोरूम वेगळं आहे... पण वेगळं कशावरून? या घटकेला तिथे माझ्या खुर्चीतही कुणी येऊन बसलं असेल, आणि माझी माणसं त्याला साहेब म्हणत असतील, न दचकता.

"हो," तो म्हणाला.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते हायसं — आता काही पाडायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं... आणि हे असं हायसं वाटणं, यालाच तर ते स्वखुशी म्हणत नसतील?