कोपऱ्यातला राखाडी लॅपटॉप

"जरा हलू नकोस," नवरा म्हणाला आणि त्याने टेबलावरचा लॅपटॉप बायकोच्या तोंडासमोर वळवला.

स्क्रीनवर तिचा चेहरा आला. दुकानात एसी चालू असूनही वरच्या ओठावर घाम होता. नवऱ्याने तिला दोन पावलं मागे जायला सांगितलं, मग भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं, मग उठवून दाराशी उभं केलं. दर वेळी तो वाकून स्क्रीनमध्ये बघत होता. खोलीत कुठेही असली तरी ती कॅमेऱ्यात येते का, एवढंच त्याला बघायचं होतं. पण ते तो इतक्या मायेने करत होता, की प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या एका आजींना राहवलं नाही.

"नशीब काढलंस गं बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात साधा मिक्सरसुद्धा सोबत येऊन घेतला नाही. काय काम करतेस तू?"

"घरी टायपिंग करते," नवऱ्यानेच सांगितलं. "हिला यातलं काही कळत नाही हो आजी. मलाच बघावं लागतं."

तो हसला, म्हणून बायकोही हसली, थोडी मागाहून.

काउंटरमागची विक्रेती हसली नाही. दुकानात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण गिऱ्हाईक कितीही मठ्ठ असलं तरी मेमरी आणि हार्ड डिस्कमधला फरक त्याच्या डोक्यात उतरवल्याशिवाय ती त्याला सोडत नसे. एरवी ती कोणाच्या बापाला भ्यायली नसती. आज मात्र ती जपून होती. ही बाई परवा एकटी येऊन गेली होती.

परवा दुपारी दुकान रिकामं होतं. बाईच्या हातात भाजीची पिशवी होती आणि ती सारखी काचेच्या दाराकडे बघत होती. भाजीला जास्त वेळ लागला तर का लागला ते सांगावं लागतं, म्हणाली. तिचे प्रश्नही जगावेगळे होते. सुरू होताना आवाज करत नाही असा कुठला? आतला पंखा घुरघुरत नाही असा? कॅमेऱ्याला झाकण असतं तो कुठला? मास्तरणीला आधी गंमतच वाटली. म्हटलं, बाईला लॅपटॉप घ्यायचाय की मांजर पाळायचंय. मग बाईने आवाज आणखी खाली आणला.

"आपण काय टाइप केलं ते दुसऱ्याला त्याच्या फोनवर दिसतं, तसलं ॲप असतं ना? ते ज्याच्यावर चालतच नाही असा आहे का एखादा?"

"आहे की. पण कोण बघतं तुमचं?"

बाईने आधी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग सांगितलं, ते एका दमात. वकिलांची रेकॉर्डिंग ऐकून ती घरी टाइप करून द्यायची. तिचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि नवरा नवीन घेऊन देणार होता. इथपर्यंत सगळं उजळ माथ्याने सांगण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं. सोमवारी तिची एका नोकरीसाठी मुलाखत होती, कॅमेऱ्यावरून. नोकरी दुसऱ्या गावात होती, बहिणीच्या गावात. मिळाली तर ती जाणार होती आणि परत येणार नव्हती.

"मागच्या वेळी त्यांना नुसता अर्ज सापडला," ती म्हणाली. "त्यानंतर दीड महिना मी डाव्या हाताने टाइप करत होते. आणि मी डावरी नाहीये."

मास्तरणीने तिला कोपऱ्यातला राखाडी लॅपटॉप दाखवला. त्याची सगळी व्यवस्थाच वेगळी. आत पंखा नाही, कॅमेऱ्याला सरकतं झाकण, बाजूला बसलेल्याला स्क्रीन नुसती काळी दिसते, बोट लावल्याशिवाय उघडत नाही, आणि तसल्या चोरून बघणाऱ्या ॲपची डाळ त्याच्यापुढे शिजत नाही. बाईने त्याच्यावरून हात फिरवला.

"हाच. पण घेणार हे. मी बोट दाखवलं तर हाच सोडून बाकीचे सगळे बघतील. तुम्हीच त्यांच्या गळी उतरवा. आणि आम्ही येऊ तेव्हा मला ओळखू नका."

आता ते दोघं आले होते आणि मास्तरीण तिला ओळखत नव्हती. इतकी ओळखत नव्हती की तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. नजर गेली तर तोंडावर काहीतरी दिसेल, ही धास्ती. ती आपली नवऱ्याशीच बोलत राहिली.

"कॅमेरा छान आहे," नवरा म्हणाला. "आता एकच. हिचं काम मला माझ्या फोनवर दिसायला हवं. चुका फार करते. ऑफिसात बसल्या बसल्या तपासता येतं मला. ते ॲप यावर चालेल ना?"

"यावर चालेल," मास्तरीण म्हणाली. तिला दुसरं काय म्हणता येणार होतं? तो साधाच लॅपटॉप होता, त्यावर कुठलंही ॲप चालायचं.

"मग झालं तर."

आजी शाई घेऊन निघून गेल्या. नवऱ्याने खिशातून रुमाल काढून बायकोच्या ओठावरचा घाम टिपला आणि रुमालाची घडी पुन्हा नीट घातली. मास्तरणीला वाटलं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणारी माणसं दुकानात रोज येतात, त्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

या धंद्यात मुरल्यावर तिला एक पक्कं कळलं होतं, की माणूस मशीन बघून मशीन घेत नाही. एकाला मेव्हण्याने सांगितलेलंच हवं असतं, दुसऱ्याला मेव्हण्याने घेतलेलं सोडून काहीही चालतं. एका गृहस्थांनी लॅपटॉपचा रंग घरच्या कपाटाशी जुळतो म्हणून घेतला होता आणि वर इतरांना प्रोसेसरचं कौतुक सांगत होते. बाकीचे बहुतेक सगळे भीतीने घेतात. पोरगं मागे पडेल, ऑफिसातले हसतील, आज घेतलेला उद्या जुना होईल. जो भीत नाही, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं लागतं. समोरचा भिणाऱ्यांतला दिसत नव्हता.

"साहेब, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना."

"हा कॉलेजची पोरं घेऊन जातात. बरा आहे. पण तुमच्या घरात हा असेल असं नाही वाटत मला."

नवऱ्याने लॅपटॉपवरचा हात काढला. "मग कुठला असेल?"

ती कोपऱ्याकडे चालू लागली. गिऱ्हाइकाला बोलवायचं नाही, आपण चालायचं, ते येतं. तो आला. त्याच्यामागे बाई आली, हे तिला चपलांच्या आवाजावरून कळलं.

राखाडी लॅपटॉप तिने त्याच्या हातातच दिला. तो किती हलका आहे ते सांगितलं नाही, त्याला ते स्वतःच कळू दिलं. मोठे वकील हा घेतात, म्हणाली, सर्जन घेतात, एक न्यायाधीश घेऊन गेले. त्यातले वकील खरे होते. "फार खपत नाही हा. सगळ्यांना झेपत नाही, आणि झेपला तरी सगळ्यांना कळत नाही."

ते 'कळत नाही' त्याला आवडलं. त्याने झाकणावरून अंगठा फिरवला, उघडला, मिटला. दुकानाचे मालक दुरून बघत होते, पण मध्ये पडले नाहीत. मास्तरीण रंगात आली की तिला टोकायचं नाही, असा दुकानातला शिरस्ता होता.

"आणि ॲप?" नवरा म्हणाला.

"सगळं चालतं साहेब."

मशीनबद्दल ती गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलली नव्हती. गोड बोलायची, वाढवून सांगायची, पण आतल्या वस्तूबद्दल खोटं नाही. आज पहिल्यांदा बोलली.

"टाकूनच बघू," तो म्हणाला आणि त्याने फोन काढला.

मास्तरणीने घाईने लॅपटॉपवर हात ठेवला. "हा नुसता दाखवायला ठेवलेला आहे ना, यावर काही टाकता येत नाही. मालकांचा पासवर्ड आहे."

"मग मालकांना बोलवा की. मला घाई नाही."

बोलवावं लागलं नाही. मालक आपणहोऊन पुढे आले, हात चोळत, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवणीतलं हसू. काय शंका आहे ते त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांना अभिमानाचं भरतं आलं.

"ॲप? छे छे, साहेब. तसलं काही यात शिरूच शकत नाही. हेच तर याचं वैशिष्ट्य आहे. बाहेरून कोणी डोकावेल म्हणाल तर नाव नको." मग ते मास्तरणीकडे वळले. "तू सांगितलं नाहीस यांना?"

"राहिलं," ती म्हणाली.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखादा हिशेब पुन्हा तपासावा तसा. मागे बाईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"म्हणजे यात मी काय करतो ते कोणालाच कळणार नाही?" त्याने मालकांना विचारलं.

"कोणालाच नाही. वहिनींनासुद्धा नाही," मालक डोळे मिचकावून म्हणाले.

नवरा मोकळेपणाने हसला. मालकही हसले. त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला, बाजूला सरकून स्क्रीन काळी होते ते बघितलं, परत समोर येऊन बघितलं.

"मग हा मी घेतो. मला. माझा आत्ताचा हिला होईल. त्यात ते ॲप आहेच, नव्याने काही टाकायला नको."

"साहेब, पण मॅडमचं काम," मास्तरीण म्हणाली. बोलताना आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं आणि तो खाली आणता येत नव्हता. "टायपिंगला जुनं मशीन हळू पडतं. त्यांना नवा द्या, तुम्ही हवं तर पुढच्या महिन्यात..."

"हिला कुठे घाई आहे?" तो म्हणाला.

संपलं. मालक बिल करायला गेले. मास्तरणीला रडू फुटायचं बाकी होतं. झाडावर चढवलं आपणच. वर चढलेला माणूस कुठे बघेल, हे चढवणाऱ्याच्या हातात नसतं, एवढं साधं तिला सुचलं नव्हतं. बाईने जे मागितलं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच बोलण्याने, त्याच्या पिशवीत जाणार होतं. आणि सोमवारी ती बाई कुठे बसून मुलाखत देणार होती? त्याच्या जुन्या मशीनसमोर? ते शक्यच नव्हतं.

खोक्यातला नवा लॅपटॉप मालकांनी काउंटरवर सुरू करून दिला. बोटाची खूण नोंदवायला सांगितली, तशी नवऱ्याने तर्जनी टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. मशीनला पुरेशी ओळख पटेपर्यंत तो शांतपणे तेच करत राहिला. बाई त्याच्या शेजारी उभी होती. तिथून तिला काही दिसत नसणार.

मास्तरीण वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारत होती. दोनदा तो उलटा उमटला. एकदाची ही माणसं जाऊ देत, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

नवऱ्याने पिशवी उचलली, मालकांचे आभार मानले आणि बायकोसाठी दार उघडून धरलं. ती बाहेर पाऊल टाकणार, तेवढ्यात तो थांबला. दार पुन्हा मिटलं.

"ताई, एक सांगायचं राहिलं," तो काउंटरकडे परत येत म्हणाला. "फार बरं वाटलं तुमच्या दुकानात. आज आणखी दोन ठिकाणी गेलो होतो. तिथे शिरल्या शिरल्या सगळे हिलाच विचारत होते. मॅडम, कसा हवाय, काय काम करता, कुठला रंग आवडतो. माणूस बायकोला घेऊन आला की विचारतातच. साहजिक आहे."

"हो," मास्तरीण म्हणाली.

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. हिच्याकडे साधं बघितलंही नाहीत."

मालकांनी बिलावरून मान वर केली. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. मास्तरणीच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"विसरले," ती म्हणाली. "गडबडीत राहून गेलं."

"होतं असं," नवरा समजूतदारपणे म्हणाला. "मग आता विचारा की. राहून कशाला जायला हवं?"

आता न बघणं जास्त वाईट दिसलं असतं. मास्तरणीने नजर उचलली. बाई दाराशी उभी होती, दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम," मास्तरीण म्हणाली, "तुम्हाला कसा हवा होता?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. आल्यापासून तिला विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यानेच दिलं होतं. या वेळी त्याने दिलं नाही. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली, तिच्याकडे वळला आणि ती काय म्हणते ते ऐकायला उभा राहिला.