सातवी खिडकी

माझ्या सासूबाईंसमोर कुजबुजण्यात काही अर्थ नाही. त्यांना ऐकू जातं म्हणून नव्हे, त्यांना दिसतं म्हणून. सव्वीस वर्षं त्यांनी गिरणीत माग चालवला. दीडशे माग एकदम खडखडायला लागले की कानाशी ओरडलेलंही कळत नसे, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगायची आणि मध्ये उभ्या मुकादमाला पत्ताही नसायचा.

गिरणी बंद पडली. आता तिथे विद्यापीठाची इमारत होणार होती आणि शेवटच्या दोन आराखड्यांत एक माझा होता. हे काम हातचं गेलं असतं तर माझ्या चिमुकल्या ऑफिसला कुलूप लावून मला जुन्या साहेबांकडे नोकरी मागायला जावं लागलं असतं. त्यांचं ते 'मी म्हणालो नव्हतो?' ऐकण्यापेक्षा मरण बरं!

निवड समितीची भेट मागांच्या जुन्या खात्यातच ठेवली होती. "मला माझं खातं बघायचंय," म्हणून सासूबाईही हट्टाने माझ्याबरोबर आल्या आणि स्टूल घेऊन कोपऱ्यात बसल्या.

मी पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं. माझी खास करामत म्हणजे दार. जुनी विटांची भिंत सलग दिसावी म्हणून मी ते लपवलं होतं. बारा उंच खिडक्यांमधली सातवी खिडकी हेच दार! मला त्याचा कोण गर्व. कुलगुरूबाई आणि दोन प्राध्यापकांनी माना डोलावल्या, संडास किती ते विचारलं आणि चर्चा करायला पार दुसऱ्या टोकाला गेले.

"काय म्हणतायत?" मी सासूबाईंना विचारलं. चोरून ऐकणं वाईट असतं, ठाऊक आहे मला. पण जीव टांगणीला लागला होता.

"चष्मेवाले म्हणतात, इमारत झकास आहे." त्यांनी डोळे बारीक केले. "पण आत शिरायचं कुठून? बाई म्हणतात, मलाही दार दिसलं नाही, पण विचारायची लाज वाटली."

"अहो, सातवी खिडकी! आंधळे आहेत का सगळे?"

"मलासुद्धा नाही सापडलं गं. घरी महिनाभर बघतेय. म्हटलं, शिकलेल्यांना कळत असेल."

"मग विचारायचं नाही का आई?"

"लाज वाटली," त्या म्हणाल्या.

माझा सगळा ताठा खाडकन उतरला. ज्यांच्या घरातलं कुणी कधी कॉलेजात गेलं नाही, अशा पोरांसाठी मी ही इमारत काढली होती, आणि माझ्या घरातलीच बाई महिनाभर बाहेर उभी होती. मला स्वतःचाच राग आला.

"तुम्ही कुठून आत यायच्या?"

"बस थांब्याकडच्या कोपऱ्यातून. ते दार सताड उघडं असायचं, रस्त्यावरून आतलं दिसायचं. आणि आत आल्याबरोबर एक बाक. बसलं की कुणी विचारायचं नाही, काय काम आहे म्हणून."

मी कटर काढला आणि सात महिने जपलेल्या भिंतीचा कोपरा कराकरा कापला. पुठ्ठ्याच्या तुकड्याचा बाक केला, घाईत बोटही कापून घेतलं. समिती परत आली तेव्हा मी बोट चोखत उभी होते.

"दार इथे हवं," मी म्हटलं. "आधीचं चुकलं होतं."

कुलगुरूबाई चकित होऊन बघत राहिल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"घरच्यांनी सांगितलं," मी म्हणाले. सासूबाई छताकडे बघत होत्या, जशा काही त्या गावच्याच नव्हेत.

काम मला मिळालं.

दोन वर्षांनी उद्‌घाटनाला ही गर्दी, कान किटले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या दारातून एक मुलगी आईचा हात धरून सरळ आत आली आणि दोघी बाकावर बसून इकडेतिकडे बघायला लागल्या. पलीकडच्या टोकाहून सासूबाईंनी ओठ हलवले. एवढ्या काळात मीही थोडं शिकले होते.

'कुणाला विचारलं नाही बघ त्यांनी.'

'आई, डोळे पुसा,' मी ओठांनीच म्हटलं.

'आधी तू पूस,' तिकडून लगेच आलं.