इच्छापुरमपर्यंत फुकट

शेवटी बाबांनी ऑटोवाल्याला साठ रुपये दिले, तेही घासाघीस न करता.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. आदिलाबादेत बाबांची बावीस वर्षांची अब्रू आहे, आणि मला अजून त्याच घरात जेवायचं आहे.

तर बाबा. उद्धवराव, एका सरकारी कचेरीत ज्युनिअर असिस्टंट. आमच्या घरी टीव्ही आहे, पण जाहिराती लागल्या की बाबा उठून तो बंद करतात. "आपल्याले तो साबन घ्याचाच नाही, तर त्याईच्या साबनासाठी आपली लाईट काऊन जाळाची?" मग अंदाजानं पुन्हा लावतात. अंदाज चुकतो. त्यामुळे मालिकेतलं कोण वारलं हे आम्हाला त्याच्या फोटोला हार घातल्यावरच कळतं.

रजेचंही तेच. वापरली नाही तर सरकार तिचे पैसे देतं. कचेरीत त्याला सरेंडर म्हणतात. बाबा दरवर्षी सरेंडर. माझे आजोबा मुधोळकडे दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. रजा म्हणजे काय हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मुलाला रजा मिळाली, पण ती इतकी भारी वस्तू वाटली की वापरून खराब करणं त्याच्या जिवावर आलं. माझी कॉलेजची फी त्याच पैशातून जाते, म्हणून इथं हसताना मी आवाज जरा कमी ठेवते.

माझी आई मनकर्णा. तिची लग्नापासून एकच मागणी: समुद्र. आमच्याकडे नळ दिवसाआड. आईचं अर्धं आयुष्य ड्रम, घागरी, बादल्या आणि एकदा तर पाहुण्यांसमोर कढई भरून ठेवण्यात गेलं. कुठंतरी पाणी आपणहून येतं आणि आपणहून जातं, हे तिला पटतच नव्हतं.

"येते न् वापस जाते? कोनी भरून नाही ठेवत?"

"नाही."

"मले पाहाचं आहे."

"रिटायर झाल्यावर," बाबा म्हणायचे.

शहाण्णवच्या डिसेंबरात कचेरीतले वामनराव बाबांना म्हणाले, "उद्धवराव, ब्लॉक संपून राह्यला. तुमची एलटीसी लॅप्स होते."

एलटीसी म्हणजे चार वर्षांच्या एका ब्लॉकात एकदा कुटुंबासकट राज्यात कुठंही जाऊन या, तिकिटाचे पैसे सरकार देईल. बाबांना खर्च सहन होत नाही, पण वाया जाणं त्याहून सहन होत नाही. दोन्हीकडून घेरल्यासारखे ते घरी आले आणि म्हणाले, "फिराले जाचं आहे."

आईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"विशाखापट्टणम," ती म्हणाली. माझं नाव विशाखा, त्यामुळे ते गाव आपल्याच नात्यातलं आहे असं तिला वाटतं. आणि आपला आंध्र प्रदेश एवढा लांबलचक, की समुद्र आदिलाबादच्या माणसालाही लागू आहे.

बाबांनी रेल्वेच्या वेळापत्रकातला नकाशा उघडला. त्यांचं बोट विशाखापट्टणमवर आलं, थांबलं, आणि पुढं सरकलं.

"अवं, याच्या पुढं बी आपलंच राज्य आहे! इच्छापुरम. शेवटचं ठेसन. दोनशेच्या वर किलोमीटर फुकट पडून आहेत. ते सोडून इथंच उतराचं?"

"समुद्र असन ना तिथं?"

"नकाशात पाह्य. ठिपका निळ्याले टेकून आहे."

टेकून होता, हे मीही पाहिलं.

तीन दिवसांच्या भाकरी, लसणाची चटणी, पाण्याची कॅन आणि एक ट्रंक घेऊन आम्ही निघालो. आधी बस, मग रेल्वे. विशाखापट्टणमला गाडी वीस मिनिटं थांबली. सख्ख्या बहिणीच्या दारावरून तोंड न दाखवता पुढं जावं, तशी आई खिडकीतून बघत होती.

"पुढचा समुद्र ताजा असन," बाबा म्हणाले.

इच्छापुरमला सकाळी उतरलो. परतीची गाडी त्याच दिवशी दुपारी चारला, कारण मुक्कामाचा खर्च सरकार देत नाही. स्टेशनाबाहेर शेतं होती, नारळ होते, एक म्हैस होती. समुद्र नव्हता. आईनं ऑटोवाल्याला तेलुगूत विचारलं. आदिलाबादची तेलुगू ऐकून तो आधी मनसोक्त हसला, मग म्हणाला, समुद्र दहा किलोमीटरवर आहे. जाऊन, थांबून, परत आणून सोडायचे साठ रुपये.

नकाशातला ठिपकाच दहा किलोमीटरचा होता, हे तेव्हा कळलं.

बाबा बाकावर बसले. "तिकीट ठेसनापर्यंतच भेटते. ऑटो बिलात बसत नाही."

"मंग?"

"हवा तर तिकडूनच येऊन राह्यली. खारी हवा आहे. वास घे."

आईनं वास घेतला. "म्हशीचा आहे."

"विशाखा, तुले?"

"म्हशीचाच आहे बाबा," मी म्हटलं. "पन म्हैस जराशी खारी आहे."

आई रडली नाही, भांडली नाही. ट्रंकेवर बसून पदर सारखा करत, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "ठीक आहे. जाऊ वापस. सरकारनं हजारावर किलोमीटरचे पैसे देल्ले, आपन म्हैस पाहून चाल्लो. गेले वाया."

बाबांचा चेहरा उतरला. हा शब्द घरात फक्त बाबा वापरायचे. आईनं बावीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता.

"वाया कसे वं?"

"नाही तं काय? बिल खरं, समुद्र खोटा. सही तुमचीच राहीन ना त्याच्यावर?"

यानंतर जे झालं ते झालं नाही, हे आपलं ठरलंच आहे. तर, आम्ही समुद्रावर होतो.

आई चालत गेली आणि ओल्या वाळूत उभी राहिली. पाणी आलं, तिच्या पायांवरून पुढं गेलं, थोडं थांबून परत निघालं. पुन्हा आलं. तिनं साडी घोट्यापर्यंत उचलली, मग विसरून सोडून दिली.

"एवढं पानी," शेवटी ती म्हणाली, "न् एक बी झाकन नाही."

बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, लाटेशी ओळख नसल्यासारखे मागं उभे होते. लाटेनं ओळख काढली आणि त्यांची एक चप्पल नेली.

"अरे! नवी आहे!" बाबा ओरडले. चप्पल सहा वर्षांची होती.

पुढच्या लाटेनं ती चप्पल आणून बरोबर त्यांच्या पायाशी ठेवली. बाबा ती हातात धरून उभेच राहिले. नेलेली वस्तू अर्ज न करता परत देणारं एवढं मोठं खातं त्यांनी इतक्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग ते आईजवळ जाऊन खाली बसले. ओल्या वाळूत, धुतलेल्या पँटनं. आईनं ओंजळभर पाणी त्यांच्या अंगावर उडवलं. बाबांनी आधी कचेरीतलं कोणी आसपास आहे का ते पाहिलं. मग त्यांनीही उडवलं. मी तिसऱ्या दिशेला तोंड करून भाकर खात बसले. एवढ्या खाजगी गोष्टीला एकच किनारा होता, माझा काय इलाज.

तीन वाजले. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"चाल वं, गाडी जाईन," बाबा म्हणाले.

"अजून एक पाहू द्या." मघापासून तिचं 'अजून एक'च चाललं होतं. "आता हे आली ना, याच्या मागची मोठी आहे."

बाबांनी घड्याळ पाहिलं. आईकडं पाहिलं. घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि माझ्याकडं कागद-पेन मागितलं. अर्ज पुढं कुठल्याही भाषेत टाईप होवो, बाबा तो आधी मराठीतच लिहून काढतात. ट्रंक मांडीवर घेऊन, आणि कागदाला चक्क रुंद समास सोडून, त्यांनी लिहिलं:

"मा. कार्यालयप्रमुख यांस सविनय सादर. अर्जदाराची पत्नी समुद्रावरून उठण्यास तयार नाही, व तिला उठवणे अर्जदारासही योग्य वाटत नाही. सबब अर्जदारास एक दिवसाची बिनपगारी रजा मंजूर व्हावी. तसेच ही अडचण कायमची दूर व्हावी याकरिता सदर समुद्राची, प्रशासकीय कारणास्तव, आदिलाबाद येथे कापूस बाजारामागील रिक्त जागेवर तातडीने बदली करण्यात यावी. समुद्र येण्याचा संपूर्ण प्रवासखर्च अर्जदार स्वतःच्या खिशातून करील."