उजव्या कोपऱ्यातलं नाव

डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओत मी भर दुपारी ड्रम मांडले. वय बावन्न, आणि ही माझी पहिली रेकॉर्ड. म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवल्यावर प्रथमच बँड माझा, आणि सातही रचना माझ्या. मला नोटेशन लिहिता येत नाही. मी इस्त्रीच्या टेबलावर काठ्या आपटत गुणगुणते. आमचा पियानोवाला थॅडियस ते कागदावर उतरवतो.

त्यानं कागद वाटले. मधोमध रचनेचं नाव. उजव्या कोपऱ्यात, जिथं रचणाऱ्याचं नाव असतं तिथं, सातही कागदांवर: थॅडियस ग्रीअर.

"हे काय रे?"

"अगं लव्ही, तू नुसती गुणगुणलीस. सूर बसवले कोणी?"

काचेपलीकडून निर्माते हॅलोरनसाहेब माइकवर बोलले, "लव्हीनिया, कव्हरवर फोटो तुझाच आहे. हवे तर दोन लांबलचक सोलो घे. पण ड्रमवालीनं रचना केल्या म्हटलं तर लोक हसतील."

"हसू देत. दात चांगले असतील तर दिसतील."

मी उठले, सगळे कागद गोळा केले, चुरगाळले आणि मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबले. आवाज घुमू नये म्हणून एरवी तिथं मी जुनी उशी घालते. पायानं एक ठोका दिला.

"उशीपेक्षा बरा येतोय," बेसवाला ऑडेल दाढीत हसत म्हणाला.

"आता कागदाशिवाय वाजवायचं कसं?" थॅडियस.

"तुझं मी तीस वर्षं कागदाशिवाय कसं वाजवलं?"

पहिली रचना मी तोंडानं गायले. ऑडेलनं दुसऱ्या फेरीत उचलली. टेप सुरू झाली आणि मधल्या भागात थॅडियस घसरला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यानं पियानोवर हात आपटला.

"इथं एक मात्रा कमी पडते! मी कागदावर नीट केलं होतं. आठ केल्या होत्या."

ऑडेलनं तारांवर हात ठेवला.

"सातच आहेत," मी म्हटलं. "माझं कपडे धुण्याचं मशीन सातव्या ठोक्याला उडी मारतं, त्यावर बांधलंय. दुरुस्तीवालाही म्हणाला होता, नीट करून देतो. त्याला हाकललं."

थॅडियसनं पियानोच्या कडेवर बोटानं सात मात्रा मोजून बघितल्या. माणूस वाईट नाही. माझ्या घटस्फोटाच्या वेळी चार महिने दर रविवारी माझ्या पोरींना जेवायला नेत होता. म्हणून तर जास्त लागलं.

"पुन्हा गा," तो म्हणाला.

"गाते. आधी माइकवर सांग रचना कोणाची. टेप चालू असताना."

हॅलोरनसाहेब काचेवर टकटक करायला लागले. मी काठ्या मांडीवर ठेवल्या, हाताची घडी घातली. "ड्रमशिवाय रेकॉर्ड काढायची असेल तर काढा, साहेब."

टेप फिरत राहिली.

"रचना... लव्हीची."

"आडनावासकट."

"लव्हीनिया टगल," तो म्हणाला, आणि या वेळी खणखणीत.

मी काठ्या उचलल्या. "अजून सहा वेळा म्हणायचंय," मी म्हटलं, आणि मात्रा मोजायला सुरुवात केली.