काकाच्या भिंतीलगतचं बोअर

मुक्ता, एकदा तरी इकडं ये गं, जवळ येऊन बस. फोनवर नुसतं "व्हय आत्या, येते आत्या" म्हणतीस अन् दिवाळीमागून दिवाळी कोरडी घालवतीस, ही कुठली गं रीत?

तुझं नाव काढलं की मला वैशाखाची दुपार दिसते: हर्सूलचा तलाव भेगाळलेला, पत्र्यावर ऊन तडतडतंय, अन् खिडकीच्या अंधुक उजेडात तुझी बोटं कळफलकावर अशी चाललीत, जणू कुणी सुपात धान्य पाखडतंय. आपली आपणच शिकलीस. विद्यापीठात संगणकाच्या पदवीला नंबर लागला अन् त्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीनं प्रोग्रामिंगची नोकरी देऊ केली. दोन्ही दारं एकदम उघडलेली, अन् मधे तू, मान उंचावून उभी.

त्यातच टँकर चुकला. शेजारी तुझा काका, माझाच पाठचा भाऊ. त्याच्या बोअरला धो धो पाणी. तू घागर घेऊन गेलीस, तर त्यानं गल्लीदेखत नळाला कुलूप घातलं अन् हसला, "कॉम्प्युटरवाल्या बाई, डाउनलोड करा की पाणी!"

तू रडली नाहीस. डोळ्यांत तेवढं निरभ्र, निर्दय आभाळ उतरलं. "आत्या, नोकरी धरते. बोअर पाडू, त्याच्या भिंतीला लागून. अन् त्याच्याहून खोल."

खोल बोअर शेजारचं पाणी ओढून घेतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अन् पदवी गं?"

"तीन वर्षं कोण थांबणार? मला पुढच्याच उन्हाळ्यात त्याचा नळ कोरडा बघायचाय."

मी अडवलं नाय. का अडवू? त्या आगीला माझीच फुंकर होती.

विद्यापीठातली जागा तू सोडलीस. तुझ्या पगारावर यंत्र आलं, काळा पाषाण पिठासारखा उडाला, मग ओलावला. अन् चैत्र सरता सरता भावाचा नळ दमेकऱ्यासारखा खोकून कायमचा गप्प झाला. लई गोड वाटलं. अजून वाटतं! तो बादली घेऊन फाटकाशी आला तेव्हा मी पदर सावरून सावकाश म्हणाले, "मालकीणबाई पुण्याला असतात. त्यांना विचारावं लागंल." तुला फोन लावला, तर तू मीटिंगमधी.

तो उन्हात ताटकळत राहिला, मान खाली घालून, अन् ते बघायला तू नव्हतीस. ज्या एका क्षणापायी तू आपली शिकायची वर्षं उधळलीस, तो माझ्या एकटीच्या डोळ्यांत राहिलाय. हे डोळे आता मावळतीला लागलेत, अन् काळ कुणासाठी साक्ष जपून ठेवत नाय. सवड काढ पोरी. लौकर ये.