घरातल्या एका माणसासाठी

प्रेरणा स्टुलावर चढली, माळ्यावरच्या पिठाच्या डब्यामागं खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटांनी भिंत चाचपून पाहिली. धूळ लागली, कोळिष्टक लागलं, बाटली लागली नाही. तिनं डबा पुढं ओढला, वाकून पाहिलं. दारूची क्वार्टर गेली होती.

ती लगेच खाली उतरली नाही. तिथंच उभी राहिली. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याच्या आधी छातीत दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. अकरा महिने ती मनात जे म्हणत होती, ते खरं ठरलं होतं.

बाटली तिनंच ठेवली होती, गुरुवारी. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, स्कूटी काढून, आपल्या पुंडलिकनगरातलं कुणी भेटणार नाही अशा सिडकोपलीकडच्या दुकानात गेली होती ती. गोकुळ प्यायचा तोच ब्रँड मागितला. दुकानदारानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पिठाच्या डब्यामागची जागाही गोकुळचीच होती, पीत होता तेव्हाची. नवरा खरंच सुटला असेल तर त्या जागेला हात लावणार नाही, आणि लावलाच तर कळेल, एवढाच तिचा हिशेब. आज शनिवार. बाटली गेलेली आणि गोकुळनं चकार शब्द काढलेला नाही.

गोकुळचं गारखेड्याच्या रस्त्याला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि शहरात नळ चार दिवसांनी यायचा. बीड बायपासच्या पलीकडं मात्र इमारतीमागून इमारत उठत होती. प्रत्येकाची बोअर पाचशे फूट, सहाशे फूट. पाणी आटायचं, मोटार कोरडी फिरायची आणि जळून गोकुळच्या दुकानात यायची. दिवसभर तो जळकी तार उचकटायचा, नवीन भरायचा, वरून वार्निश मारायचा. घरी यायचा तेव्हा अंगाला वार्निशचा आणि थिनरचा असा काही दर्प असायचा, की त्याच्याखाली दुसरं काही असलं तरी नाकाला कळू नये. याच गोष्टीची प्रेरणाला चीड होती. दारू सोडलेल्या माणसानं असा धंदा का करावा, जिथं त्याचा वास घेता येत नाही?

याआधी दोनदा सोडून झाली होती. एकदा गळ्यात माळ घातली, ती पोळ्यापर्यंत टिकली. एकदा दवाखान्याच्या गोळ्या झाल्या. मग कुणीतरी त्याला दौलताबादच्या पुढं शालोम निवास नावाच्या जागी नेऊन सोडलं. ख्रिस्ती लोकांची जागा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, दिवसा शेळ्या आणि भाजीपाला. चार महिन्यांनी गोकुळ परत आला तो शांत होऊन. त्याला आता अकरा महिने झाले होते. ओरडणं नाही, उलट उत्तर नाही, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासणं. भांडणाऱ्या गोकुळशी कसं वागायचं ते प्रेरणाला ठाऊक होतं. या गोकुळशी कसं वागायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

सिल्लोडकडून सासूबाई, आवडाबाई, आल्या तेव्हा त्यांनी तिला मोरीपाशी गाठून हळूच विचारलं होतं,

"बाटली सुटली म्हणतेस, पण पोरगं बाटलं तर नाय ना गं?"

"मला काय माहीत, आई. देवाला हात जोडत नाहीत आता. पण देव पुसून ठेवतात."

"फुकट कोण कुणाचं करतंय? काय तरी असंल त्यांच्या मनात."

तेच तिलाही वाटायचं. निवास चालवणारे पास्टर कडूबा साळवे एकदा घरी येऊन चहा पिऊन गेले. साठीचा माणूस, जालन्याकडचा, पायात रबरी चपला. स्वतः पंधरा वर्षं प्यायलेला, असं गोकुळनं सांगितलं होतं. जाताना घराकडं, देव्हाऱ्याकडं बघून ते म्हणाले, "घर छान ठेवलंय, ताई." ते एवढंच का म्हणाले, याचा विचार ती आठवडाभर करत होती.

शनिवारी गोकुळ सात वाजता आला. चपला काढल्या, तांब्याभर पाण्यात हात-तोंड उरकलं. प्रेरणा दारातच उभी होती.

"आज कुठं गेला होता?"

"कुठं नाही. दुकानातच."

"दुसरीकडं कुठंच नाही?"

"नाही म्हटलं ना."

"काल?"

टॉवेल तोंडावर धरून तो थांबला. मग टॉवेल खाली घेतला आणि तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. ती नजर तिला आवडली नाही. त्यात चोरी नव्हती, राग नव्हता. एखाद्या मोटारीला हात लावून, आतून कुठं जळलीय ते शोधताना तो असा बघायचा.

"तोंडात काय आहे?" त्यानं विचारलं.

"लवंग. दाढ दुखतीय."

"लई दिवस झाले दुखतीय."

"मग काय करू?"

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. जेवण झाल्यावर ताट घासता घासता, पाठमोराच म्हणाला,

"उद्या येशील का? रविवारच्या संगतीला, प्रार्थनेला. माझी साक्ष आहे. म्हंजे उभं राहून आपलं बोलायचं असतं."

अकरा महिन्यांत त्यानं तिला पाच-सहा वेळा तरी बोलावलं असेल, आणि तिनं प्रत्येक वेळी काहीतरी काम काढलं होतं. या वेळी ती म्हणाली,

"येते."

त्याच्या हातातलं ताट पाण्यात तसंच राहिलं.

"खरंच?"

"येते म्हटलं ना."

तिनं ठरवलं होतं. साक्षच द्यायची ना, मग तिलाही एक द्यायची होती. सगळ्यांसमोर, त्या पास्टरसमोर.

छावणी भागाच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर घातलेला एक लांबट हॉल होता. भिंतीला साधा लाकडी क्रूस, खाली चटया, एका कोपऱ्यात ढोलकी. तीसेक माणसं. बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. सकाळचे दहा वाजले होते आणि पत्रा आत्ताच तापायला लागला होता. प्रेरणा मुद्दाम पुढं बसली. शेजारच्या म्हातारीनं सरकून जागा दिली आणि आपणहूनच सांगायला लागली.

"मी सारजाबाई. त्यो ढोलकीवाला माझा कचरू. दोनदा इथून गेला अन् दोनदा परत प्याला. तिसऱ्याला टिकला."

"आता पीत नाही, हे तुम्हाला कसं कळतं?" प्रेरणानं विचारलं.

"नाय कळत," म्हातारी म्हणाली.

गाणी झाली, प्रार्थना झाली. मग पास्टरांनी गोकुळला खूण केली. तो उठला. सकाळी तिनंच इस्त्री केलेला शर्ट आतापर्यंत पाठीला चिकटला होता. प्रेरणानं मनातलं वाक्य पुन्हा एकदा घोळवलं आणि एक गुडघा मोडून तयार ठेवला. त्यानं 'मी सुटलो' म्हटलं, की उठायचं.

"मला लई बोलता येत नाही," गोकुळ म्हणाला. "मला वाटायचं, प्रभूनं माझी दारू काढून घेतली, म्हंजे झालं. पण एवढी वर्षं मी जे घरात आणलं, ते माझ्यासंगं बाहेर पडलं नाही. ते आता दुसऱ्याला लागलंय."

तो थांबला. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

"परवा मला घरात बाटली सापडली. मी ठेवलेली नाही. ज्यानं ठेवली ते माणूस कुणी नसताना माळ्यावर हात घालतं. गादीखाली बघतं. मी घरात आलो, की वास घेतं, माझा का स्वतःचा, कळत नाही. तोंडात लवंग धरतं. काही विचारलं, की भांडायला उठतं. हे सगळं मी केलेलं आहे. मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही."

प्रेरणाचा मोडलेला गुडघा तसाच राहिला.

"माझ्या हाताखालच्या मोहन्यानं तिला... त्या माणसाला दारूच्या दुकानातून बाटली घेतानाही पाहिलं. गाडी ओळखली त्यानं. मी विचारलं नाही. मला विचारायचे तेव्हा मी काय करायचो, ते मला माहीत आहे. त्या माणसानं माझ्यापायी लई सोसलंय. माझी साक्ष एवढीच, की मला दुसरं काही येत नाही, म्हणून इथं आलो. घरातल्या एका माणसासाठी प्रार्थना करा. नाव सांगत नाही."

सगळ्यांनी डोळे मिटले. हॉलभर पुटपुटणं सुरू झालं, प्रत्येकाचं वेगळं, एकात एक मिसळलेलं. ते सगळं तिच्यासाठी होतं. सारजाबाईचा खरखरीत हात तिच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. प्रेरणा उघड्या डोळ्यांनी समोरच्या चटईच्या निघालेल्या काड्या बघत बसली.

सभा सुटल्यावर ती बाहेर लिंबाखाली, स्कूटीपाशी जाऊन उभी राहिली. गोकुळ आला.

"मी पीत नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. ती मान कशी हलली ते बघून तिच्या लक्षात आलं, की त्याचा विश्वास बसलेला नाही.

"खरंच पीत नाही. ती बाटली मीच ठेवली. पण प्यायला नाही. तुमच्यासाठी ठेवली. तुम्ही काय करता ते बघायला."

"मला बघायला."

"व्हय."

गोकुळ स्कूटीच्या सीटवर हात टेकून उभा राहिला. ऊन पानांतून त्याच्या हातावर पडलं होतं. वार्निशचे डाग नखांत तसेच होते.

"मी झाकण उघडलं होतं," तो म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"टाकून द्यायला म्हणून दुकानात नेली. शटर अर्धं ओढलं अन् झाकण उघडलं. पास्टरांना फोन लावला तेव्हा बाटली हातातच होती. ते म्हणाले, फोन ठेवू नको, मी निघालो. मोटारीला वेढे कसे भरतो ते सांग म्हणाले. रिक्षात बसल्या बसल्या विचारत होते. छावणीपासून दुकानापर्यंत मी वेढे सांगत होतो. आल्यावर त्यांनीच ओतली."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "एक सांग. अजून कुठं ठेवलीय का?"

"नाही," ती म्हणाली.

दुसरी होती. शिलाई मशीनच्या खणात, फॉलच्या गुंडाळ्यांखाली. एक सापडली तर तो दुसरी शोधतो का, हे बघायचं होतं. पण 'नाही' इतकं चटकन आणि इतकं स्वच्छ निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

गोकुळ तिच्याकडं बघत राहिला. असलं 'नाही' त्यानं स्वतः शेकडो वेळा म्हटलं होतं, याच बायकोसमोर.

"बरं," तो म्हणाला. "तू हो पुढं. मला चटया आवरायच्यात. मग एका माणसाला बसस्टँडला सोडायचंय. तासभर लागंल." दोन पावलं जाऊन तो वळला. "तासाच्या आत येत नाही मी."

घरी आल्यावर तिनं स्कार्फही सोडला नाही. खण ओढला, गुंडाळ्या उपसल्या, बाटली काढली आणि मोरीत जाऊन बसली. सील तुटताना बारीक आवाज झाला. ओतली तशी मोरी त्या वासानं भरून गेली, तिथून स्वयंपाकघर, तिथून घर. नळ मंगळवारी येणार होता आणि पिंप निम्म्याच्या खाली गेलं होतं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं. वास हलला नाही. अजून अर्धा तांब्या ओतला. मग भिंतीला टेकून तशीच बसून राहिली.

बरोबर तासानं कडी वाजली. किल्ली खिशात असून त्यानं दार वाजवलं होतं.

तिनं दार उघडलं. उंबऱ्यातच त्याच्या नाकपुड्या हलल्या. तो क्षणभर थांबला, एक हात चौकटीला धरून. ती बाजूला झाली. काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण सांगायचं होतं ते घरभर आधीच पसरलं होतं.

गोकुळनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. पिंपाचं झाकण काढून बादली आत बुडवली, भरून घेतली आणि मोरीत एकदम उपडी केली. पाणी खळाळत गेलं. त्यानं पुन्हा बादली बुडवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत पुरवायचंय."

"पुरंल."

दुसरी बादली जड होती. त्यानं कडीची एक बाजू तिच्याकडं केली.

"धर," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यातनं ओतू."