तिसऱ्या मजल्यावर चार सेकंद

लिफ्टमामा परीक्षेत नापास झाले.

हे वाक्य मी लिहिलेलंच नाही असं समजावं. मामांनीही तसंच समजून घेतलं होतं. निकाल लागला त्या दुपारी ते नेहमीसारखे स्टुलावर बसले होते, आणि मी लिफ्टमध्ये शिरताच त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "सातवे, यादी उलटी कशी करायची ते राहिलंच की हो आपलं."

आमच्या कचेरीत त्यांनी सगळ्यांना मजल्यांवरून नावं दिली होती. मी सातव्या मजल्यावरच्या संगणक विभागात सर्वांत कनिष्ठ, म्हणून "सातवे". आमचे विभागप्रमुख "मोठे सातवे". तिसऱ्या मजल्यावर आलेलं टपाल मजल्यामजल्यावर वाटणाऱ्या बाई म्हणजे "तिसऱ्या बाई". मामा स्वतः कोणत्याच मजल्याचे नव्हते.

सुरुवात झाली ती नोटिशीने. जुनी जाळीच्या दरवाजाची लिफ्ट निघणार, बटणांची नवी येणार, लिफ्टमनचं पद रद्द. मामांना निवृत्तीला सहा वर्षं होती. त्यांनी तीन महिन्यांत कोणतीही एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आमच्या विभागात मदतनीसाची परीक्षा द्यावी, नाहीतर गावाबाहेरच्या गोदामात रुजू व्हावं.

"गोदाम किती मजली आहे?" मामांनी मला विचारलं.

"बैठं आहे."

मामांनी लिफ्ट चालवायचं हँडल उगाच एकदा बाहीने पुसलं. सव्वीस वर्षं वर-खाली केलेल्या माणसाला बैठ्या इमारतीत पाठवणं म्हणजे माशाला वाळवंटात बढती देण्यासारखं होतं.

"मग सांगा, कोणती भाषा शिकू?"

हा प्रश्न त्यांनी लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला विचारला. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत पन्नास सेकंद लागत. सल्ला तेवढ्यात बसवावा लागे.

"आधी सी शिका," मोठे सातवे म्हणाले. "सी न शिकता बाकीचं शिकणं म्हणजे पाया न घालता गच्ची बांधणं."

"आपल्या गच्चीवर लिफ्ट जात नाही, साहेब."

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मामा, डोळे मिटून जावा घ्या. जावात नोकऱ्या पुष्कळ."

"मला एकच पाहिजे."

यावर मोठे सातवे आणि तो सहकारी यांची अशी जुंपली की सातवा आला तरी कुणी उतरेना. मामांनी त्यांना तीनदा वर-खाली फिरवून आणलं. मधे खरेदी विभागातले पाचवे चढले आणि विषय समजून न घेता म्हणाले, "कोणतीही घ्या, पण वॉरंटी बघा."

शेवटी मामांनीच कसोटी ठरवली. पडद्यावर 'नमस्कार' कसा उमटवायचा, ते तळमजल्यापासून सांगायला सुरुवात करायची. आधी सहकारी चढला. सातवा आला तेव्हा तो अजून प्रस्तावनेतच होता.

"नमस्कार कधी येतो?" मामांनी विचारलं.

"येईल हो. आधी क्लास म्हणजे काय ते समजून घ्या."

मग मी पायथन सांगितली. पहिला मजला यायच्या आत सांगून झाली. उरलेले सहा मजले आम्ही दोघं जाळीतून भिंत बघत राहिलो.

"हीच," मामा म्हणाले. "बोलून झालं की गप्प बसते."

शिकवणं अर्थातच लिफ्टमध्ये. हँडलला दोरीने एक वही बांधलेली होती. मी सकाळी एक गोष्ट सांगायचो, मामा ती दिवसभर लोकांना सोडता-आणता घोकायचे. मोजणी एकापासून नाही, शून्यापासून करायची, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले होते. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबरच आहे. तळमजला शून्य, मग पहिला. तुमच्याकडे काय वेगळं करतात?"

धडा म्हणवून घ्यायच्या त्या तिसऱ्या बाई. त्यांचा उजवा गुडघा गेलेला होता. टपालाचा गठ्ठा छातीशी धरून त्या लांबलचक व्हरांड्यातून यायच्या, तेव्हा एक चप्पल टपटप वाजायची आणि दुसरी फरफटायची. लिफ्ट कुठेही चाललेली असो, मामा तिसऱ्यावर जाळी उघडून कान द्यायचे. लिफ्ट बोलावायची घंटी दाबायला बाईंचा हात मोकळाच नसायचा.

"चला, तिसऱ्या बाई, लिफ्ट म्हातारी व्हायला लागली."

"ती केव्हाच झाली. चालवणाराही झाला. बोला, काल काय शिकलात?"

"फॉर लूप."

"म्हणजे काय?"

"सगळं संपेपर्यंत तेच ते करायचं."

"अगंबाई," बाई म्हणाल्या, "मग मला येतंय की."

परीक्षेचा प्रश्न फुटला तेव्हा अख्ख्या कचेरीने टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. आठ थांबे, चाळीस प्रवासी. सर्वांना कमीत कमी वेळात पोहोचवणारी लिफ्ट प्रोग्रॅममध्ये चालवून दाखवा. मामांना जमावा असा हा प्रश्न मोठ्या सातव्यांनीच काढला होता आणि त्या दिवशी ते जिन्याने वर आले. मामांची नजर चुकवायची होती.

मामांनी दोन बोटांनी, घाम पुसत, एकतीस ओळी लिहिल्या. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. चाळीसच्या चाळीस पोहोचले. फक्त वेळ जास्त लागला.

मोठ्या सातव्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मामा, तिसऱ्यावर कुणी बोलावलेलं नसताना दर फेरीला चार सेकंद लिफ्ट का थांबते?"

"बाई येत असतात."

"कुठल्या बाई? प्रश्नात बाई नाहीत."

"प्रश्नात नाहीत साहेब. तिसऱ्यावर आहेत."

खोलीत मी, ते दोघं आणि पंखा. मोठे सातवे खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "ओळ सतरा काढा. मी पुन्हा चालवतो. पास होताय. ही काही खरी लिफ्ट नाही हो."

मामांनी विचार केला. तळमजला ते सातवा एवढा वेळ केला.

"चारचे दोन करतो."

"शून्य करा मामा. ऐका माझं."

"शून्यात त्यांचा गुडघा वळत नाही."

मी मागून खुणा करत होतो. नंतर तर हात जोडले. मामांनी कळफलक हळूच साहेबांकडे सरकवला, जाळी लावावी तसा.

नवी लिफ्ट चकचकीत आहे. बावीस सेकंदांत सातवा. पोलादी दरवाजा असा बंद होतो की बाहेर बँड वाजला तरी आत कळायचं नाही. मी रोज तिसऱ्यावर दरवाजात पाय घालून उभा राहतो, पण मी काही दिवसभर लिफ्टमध्ये नसतो. बाई पोहोचेपर्यंत दरवाजा मिटतो, म्हणून त्या आता टपाल जिन्याने, पायरी-पायरीने वाटतात आणि पाचव्यावर पोहोचल्यावर गठ्ठा कठड्यावर टेकवून गुडघा चोळतात.

मामा गोदामात रुजू झाले. स्टूल सोबत नेलं. गेल्या आठवड्यात त्यांचा अर्ज आला. टपाल तिसऱ्यावरच येतं, त्यामुळे तो बाईंनीच फोडला, त्यावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि सातव्यापर्यंत स्वतः जिन्याने आणून मोठ्या सातव्यांच्या टेबलावर ठेवला. तो तिथेच आहे. त्यावर पेपरवेट आहे.

विषय: नवीन लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर चार सेकंद जादा थांबवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार हा परीक्षेत नापास असून त्याबाबत त्याची कोणतीही तक्रार नाही. सोबत प्रोग्रॅमची प्रत जोडली आहे, ओळ सतरा पाहावी. सदर ओळ नवीन लिफ्टमध्ये बसवण्यात यावी. चार सेकंद शक्य नसल्यास दोन करावेत. तेही नियमात बसत नसल्यास पोलादी दरवाजा काढून त्या जागी जाळी लावण्यात यावी, म्हणजे व्हरांड्यातला चपलांचा आवाज आत येईल. आणि तो ऐकण्यासाठी आत एक स्टूल ठेवण्याची परवानगी मिळावी. स्टूल अर्जदाराकडे आहे.